चकचकीत चाक आणि सभ्य ब्रेकपॅड

गाड्यांना नुकताच तोरा चढू लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. एका लाल स्पोर्ट्‌स कारचं पुढचं चाक चांदीसारखं चकचकीत होतं. पण आतला ब्रेकपॅड घासला की काळी भुकटी उडायची आणि चाकाचं तोंड काळं व्हायचं.

"मेल्या, जरा हळू घास की!" चाक खेकसायचं.

"मग तू थांबणार कसं?" पॅड विचारायचा.

मालकीण मृणालताईही चाक पुसून पुसून वैतागल्या होत्या. त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन भुकटी न उडवणारा नवा पॅड बसवून घेतला. तो फारच सभ्य निघाला. चाक इतकं चमकलं, की शेजारच्या रिक्षाशी बोलेनासं झालं.

एकदा घाट उतरताना वळणावर म्हैस आडवी आली. ताईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला.

"धर रे, घट्ट धर!" चाक किंचाळलं.

"असं अंगचटीला जाणं मला शोभत नाही," नवा पॅड म्हणाला.

ताईंनी स्टिअरिंग फिरवलं. म्हैस वाचली, त्याही वाचल्या, गाडी मात्र रस्त्याकडेच्या उकिरड्यात घुसली.

"बघ, भुकटीचा एक कण उडाला नाही," पॅड समाधानाने म्हणाला.

चाकाला त्याला बरंच काही सुनावायचं होतं, पण तोंडात शेण होतं.