मिठाचं कूपन नव्हतं

पिशव्या बोलत असत तेव्हाची गोष्ट. मालूताईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक जुनी कापडी पिशवी असे. शेजारी चिमट्यात सवलतीची कूपनं, तारखेवार लावलेली. बाजाराला निघताना तीच आधी ओरडत, "दोन साबणांवर एक फुकट! आज शेवटचा दिवस!"

"अहो, पण घरातलं मीठ संपलंय," पिशवी दमल्या आवाजात म्हणाली.

"मिठावर कुठाय सूट?" कूपनं हसली.

साबणाच्या नऊ वड्या वाहून आणताना पिशवीचा बंद उसवला. दिवेलागणीला मालूताई वाटी घेऊन शेजारी गेल्या, तशाच परतल्या. दिवे लागल्यावर मीठ कोण देतं?

पिशवी खिळ्यावरून बघत राहिली. मालूताईंनी नव्या साबणानं हात स्वच्छ धुतले आणि अळणी आमटी वाढून घेतली.