अकराव्या दिवशीचा संशय

एकदा एक शिष्या मनातला गुंता घेऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे गेली. शिष्येचं नाव शलाका केंजळे. संगणकातली सारी आकडेमोड ज्या चिपमध्ये होते, तो प्रोसेसर बनवणाऱ्या एका कंपनीत ती वरिष्ठ अभियंता होती. गुरू म्हणजे साताऱ्याचे विश्वंभर निमकर सर. कॉलेजात तिला इलेक्ट्रॉनिक्स त्यांनीच शिकवलं होतं. आता वय अठ्ठ्याहत्तर. सह्याद्रीतल्या गवतांची सूची ते संगणकावर तयार करत होते. चाळीस वर्षं डोंगर हिंडून त्यांनी ती जमवली होती.

शलाकाच्या कंपनीचा नवा प्रोसेसर वर्षभरापूर्वी बाजारात आला होता. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा तो थोडा तरी वेगवान ठरावा म्हणून तिने त्याच्या नियंत्रणात एक बदल केला होता: चिपला मिळणारं व्होल्टेज जरासं वाढवलं होतं. वेग वाढला, तिचं कौतुकही झालं. काही महिन्यांनी मात्र तक्रारी येऊ लागल्या. संगणक मध्येच बंद पडतो, फाइल उघडत नाही, काम करता करता भलतेच संदेश दिसतात. कंपनीने सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं, की जोडणी आणि सेटिंग तपासून घ्या.

शलाकाने मुळापर्यंत जाऊन पाहिलं, तेव्हा दोष तिच्याच बदलात निघाला. वाढीव व्होल्टेजमुळे चिप आतून हळूहळू झिजत होती. तिने व्होल्टेज खाली आणणारं अपडेट लिहिलं. नेहमीच्या सुधारणांमध्ये ते गुपचूप पाठवून द्यावं, असं वरिष्ठांचं मत पडलं. खरं सांगायचं तर शलाकालाही ते सोयीचंच होतं, कारण तिचं नाव झाकलं जाणार होतं. पण अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. ज्यांचे प्रोसेसर आधीच झिजले होते त्यांचं काय, हा प्रश्न तिची पाठ सोडेना. म्हणून ती साताऱ्याला गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. सल्ला काहीच दिला नाही. ग्राहकाकडून परत आलेला एक प्रोसेसर दोन आठवड्यांसाठी मला पाठवून दे, एवढंच म्हणाले. तिने तो कुरियरने पाठवला.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा गेली आणि पाहते तो काय, सरांनी तो सदोष प्रोसेसर स्वतःच्याच संगणकात बसवला होता आणि त्यावर गवतांची सूची लिहीत होते. चाळीस वर्षांचं काम जाईल, म्हणून ती संगणक बंद करायला धावली. सूचीची एक प्रत वेगळी ठेवली आहे, असं सांगून त्यांनी तिला आधी बसवलं, चहा दिला.

"पण सर, हे कशासाठी? बिघाड कुठे आहे ते मी तुम्हाला सांगितलंच होतं."

"सांगितलं होतंस," सर म्हणाले. "बिघाड मला ठाऊक होता. तरी काय झालं ते ऐक. चौथ्या दिवशी एक पान नाहीसं झालं. मला वाटलं, मी जतन करायला विसरलो. सातव्या दिवशी पडद्यावर संदेश आला, की मेमरी अपुरी पडते आहे. या वयात असा संदेश वाचायला बरं वाटत नाही, बाळा. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, आजोबा, तुमच्याकडूनच काहीतरी दाबलं जात असेल. अकराव्या दिवशी मी डॉक्टर शिंत्र्यांकडे जाऊन स्मरणशक्तीची तपासणी करून आलो."

 डॉक्टर काय म्हणाले, असं शलाकाने विचारलं. सरांनी हसून सांगितलं, की स्मृती उत्तम आहे, गुडघ्यांबद्दल मात्र ते फारसं चांगलं बोलले नाहीत.

मग ते शांतपणे म्हणाले, "यंत्र चुकलं की साधा माणूस यंत्रावर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. कारण ठाऊक असूनही मी घेतला. ज्यांना ठाऊकच नाही त्यांनी किती घेतला असेल? चिप झिजली तर नवी देता येते. पण 'तुमची चूक नव्हती, आमची होती', हे त्यांना तुमच्या कंपनीवाचून कोण सांगणार? गुपचूप दुरुस्ती केलीस तर संगणकाची झीज थांबेल, माणसाचा स्वतःवरचा संशय तसाच राहील. आणि तू वेगासाठी धडपडलीस यात मला पाप दिसत नाही. तुला शिकवताना मीच टाळ्या वाजवायचो. चूक झाली, आता ती तुझ्या नावाने सांग."

परतीच्या प्रवासात शलाकाने ग्राहकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहिला. कंपनीच्या बैठकीत तिने आधी स्वतःचा बदल, मग झिजेबद्दलच्या आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. वाद झाला, तिला दुसऱ्या विभागात हलवलं गेलं. पण पत्र निघालं. दोष आमचा आहे, हे त्याचं पहिलंच वाक्य होतं. झिजलेले प्रोसेसर बदलून मिळू लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. अपडेटमुळे वेग थोडा घटला, काही ग्राहक त्यावरून नाराज झाले आणि तशी पत्रंही त्यांनी पाठवली.

त्याच टपालात संगमेश्वरच्या एका अनुवादिकेचं पत्र होतं. संगणकावरचं काम आपल्यालाच आता जमत नाही, असं समजून त्यांनी सहा महिन्यांपूर्वी काम सोडलं होतं. "नवा प्रोसेसर अजून यायचा आहे," त्यांनी लिहिलं होतं, "पण तुमचं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी मी वही काढून हाताने अनुवाद सुरू केला."

शलाकाने ते पत्र सरांना फोनवर वाचून दाखवलं.  मग सर म्हणाले, ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाच.