कललेला मनोरा

युरोपातल्या एका जुन्या शहरात लोक घंटा ऐकून पाव भट्टीत घालत, तेव्हाची ही गोष्ट. तिथे चौकात घंटेचा उंच मनोरा होता आणि त्याच्या पायाशी इवलंसं चर्च. मनोरा दरवर्षी चर्चकडे केसभर कलायचा.

समोरचं नगरभवन चिडवायचं, "काका, लेकराच्या अंगावर पडाल हं!"

मनोऱ्यालाही तीच धास्ती होती. तो सरळ उभं राहायचं ठरवायचा, पण चर्चची छोटी घंटा किणकिणली की कान पुन्हा तिकडेच!

एका हिवाळ्यात योस्ट गवंडी कल मोजायला वर चढला. कल फार निघाला, तर मनोऱ्याचा माथा उतरवणार होते. त्याने दोरीला वजन बांधलेला ओळंबा खाली सोडला, तो थेट चर्चच्या दाराशी आला. चौकात गुडघाभर बर्फ होतं, पण ओळंब्याखालची जमीन मनोऱ्याच्या आडोशाने कोरडी होती आणि तिथे चिमण्या दाटीवाटीने बसल्या होत्या.

योस्टने दोरी वर ओढून घेतली. मग म्हणाला, "माथा राहू दे. पाया भक्कम करू."

मनोऱ्याने हळूच विचारलं, "मी जरा जास्तच वाकतो का रे?"

"छे हो, काका," चर्च म्हणालं. "उलट माझ्या छपरावर डावीकडे अजून थेंब पडतोय. तेवढं बघा ना!"