झुकल्या बुरुजाची राखणदार

त्या राज्यात एकही बुरूज जमिनीला टेकलेला नव्हता. प्रत्येक पांढरा बुरूज आपापल्या खळग्यात हजारो दोरांवर तोललेला असे, आणि दोरांमधल्या गल्ल्यांतून राखणदार फिरत. सगळ्यांत वाकडा बुरूज चाहूलच्या वाट्याला आला होता. चाहूल नवखी, मुंगी चालली तरी तिच्या काळजात धस्स होई.

दिवसातून तीनदा, जेवणाच्या वेळी, बुरुजांना हादरे बसत आणि थांबत. त्याची तिला सवय होती. पण एके दिवशी वरून कुणीतरी तार ताणून बुरूज ढकलू लागलं, आणि ढकलतच राहिलं. एका बाजूचे दोर ताणले गेले, समोरच्या बाजूचे चेंगरले. चेंगरलेल्या गल्लीतल्या पाटात शिध्याच्या होड्या अडकल्या. मागचापुढचा विचार न करता चाहूलनं शिंग फुंकलं.

फौज धावून आली. समोर दिसेल त्याला आग लावायची, एवढंच तिला ठाऊक. दोर पेटू लागले. बुरूज डुगडुगला.

शेजारच्या बुरुजाची जुनी राखणदार, सबूरमावशी, धापा टाकत आली. "शत्रू कुठाय गं? एक तरी दाखव मला!"

"मावशी, बुरूज सरकतोय!"

"सरकतोय ना? पडत तर नाहीये. ढकलणारा कसा दमानं ढकलतोय बघ. शत्रूला एवढा धीर असतो होय? दोर जळले ना, मग मात्र पडेल हो."

रिवाज असा होता, की फुंकलेलं शिंग फुंकणारीनंच मागे घ्यायचं. फौजेपुढे उभं राहून, मोठ्यानं. आजवर कुणी घेतलं नव्हतं. चुकलो म्हणण्यापेक्षा बुरूज गेलेला परवडला, असंच सगळ्यांना वाटे.

चाहूल आगीसमोर गेली. "मी चुकले." आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "घाबरले होते मी. शत्रू नाहीये. परत जा."

"घ्या! हिला म्हणे राखणदार केलंय," कुणीतरी फिसकन हसलं. पण फौज वळली.

मग तिनं खळग्याच्या भिंती खाणाऱ्या पोखऱ्यांना बोलावून चेंगरलेली बाजू दाखवली.

"अहो, राखणदारच भिंत पोखरायला सांगतेय?" त्यांचा नाईक चकित झाला.

"इथवरच," भिंतीवर रेघ ओढत ती म्हणाली. "रेघेपलीकडे एक घास नाही."

समोरच्या बाजूला, बुरुजामागे मोकळ्या पडत चाललेल्या जागेत, गवंडी भर घालू लागले. इकडे केसभर पोखरायचं, तिकडे केसभर लिंपायचं. चाहूल रोज जुनी रेघ पुसून नवी ओढी, आणि रोज ती रेघ थोडी अधिक सरळ येई. होड्या पुन्हा सुरू झाल्या. जळक्या दोरांच्या जागी नवे विणले गेले. कितीतरी महिन्यांनी बुरूज रांगेत आला.

राज्याच्या दाराची एक कायमची तऱ्हा होती. आतून हसू उसळलं की दार किलकिलं होई, आणि तेवढ्यात बाहेरून एक तळहात आडवा येऊन उजेड झाकून टाकी. त्या सकाळी हसू उसळलं. चाहूल नेहमीसारखी अंधाराची वाट बघत उभी राहिली. दार उघडलं, आणखी उघडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खळग्यांवरच्या गुलाबी छतातून ऊन झिरपत पार दोरांपर्यंत आलं, आणि हसऱ्या ओठांवर तळहात काही आला नाही.