चेअरमनसाहेबांच्या सीटवरची पोती

साखर कारखान्याचे चेअरमन धैर्यशीलराव यांच्याकडे एक जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार होती. साहेब ड्रायव्हरशेजारी बसले की गाडीखालून खर्रर्र आवाज येई. "गिअर धड टाकता येत नाही," म्हणून त्यांनी दोन ड्रायव्हर घरी बसवले होते. आता तिसरा ड्रायव्हर आनंदा, त्याची पाळी होती. मेकॅनिक बघायला आले की मात्र गाडी मुकाट चाले.

शेवटी कोल्हापूरच्या शिकलगारबाईंना बोलावलं. गॅरेज स्वतःचं, त्यामुळे बाई कुणाला भीत नसत. त्या गाडीत बसायला गेल्या, तर आनंदानं हातच जोडले. "बाई, साहेबांच्या सीटवर दुसऱ्या माणसानं बसायचं नाही. हुकूम आहे."

"मग मेकॅनिक कुठं बसायचे?"

"बाहेर उभे राहायचे. मी एकटाच चालवून दाखवायचो."

बाईंनी गोदामातून साखरेची दोन पोती मागवली आणि आनंदाकडून त्या सीटवर ठेववली. गाडी फाटकाशी पोचायच्या आतच खर्रर्र झालं! सीटखालचा पत्रा सडला होता. वजन पडलं की तो वाकून फिरत्या शाफ्टला घासत होता.

धैर्यशीलराव भडकले. "माझ्या जागेवर पोती? लाज नाही वाटली?"

"माणूस बसवायला बंदी होती, साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणून पोती बसवली. गाडीला काही फरक कळला नाही."

भोवतीच्या संचालकांपैकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रा बदलला. आनंदालाही बदललं. पोती त्यानं ठेवली होती ना!