हासू तांडेल आणि थोरली मुशी

माडवेल नावाच्या एका बंदरात हासू नावाचा एक तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. होडीवर त्याचा शब्द खलाशी मोडत नसत, आणि कोळीवाड्यात भांडण झालं तर ते त्याच्याच अंगणात मिटे.

त्या काळी माडवेलच्या दर्यात मुशी, म्हणजे शार्क मासे, पुष्कळ होत्या. कोळी त्या धरत, बायका बाजारात विकत, घरोघर मुशीचं कालवण शिजे. मग एके वर्षी परमुलखातून एक व्यापारी गलबत घेऊन आला. त्याला मुशी नको होती, फक्त तिचे पर हवे होते. दूरच्या देशात बड्या लोकांच्या पंगतीला त्या परांचं सार वाढतात, असं तो सांगे, आणि वाळवलेल्या परांना असा भाव देई की माडवेलच्या लोकांना त्याचं वेडच लागलं. होडीत जागा थोडी, तेव्हा अख्खी मुशी वाहून आणायची कशाला? कोळी जिवंत मुशीचे पर कापून घेत आणि धड पाण्यात लोटून देत. पर गेलेल्या मुशीला पोहता येत नाही. ती उघड्या डोळ्यांनी तशीच तळाला जाई.

बघता बघता मुशी दिसेनाशा झाल्या. मग इतर मासळीचाही ठिकाणा राहिला नाही. दर्यात कसला तरी घोळ झालाय, एवढं सगळ्यांना कळत होतं, पण बोलणार कोण? शेवटी हासूच उठला आणि चार जाणती माणसं घेऊन राणीकडे गेला.

राणीनं सगळं ऐकून घेतलं आणि कायदा केला. मुशी धरली तर ती अख्खी बंदरात आणायची. नुसते पर आणायचे नाहीत, विकायचे नाहीत. आणि ठिपक्यांच्या थोरल्या मुशीला तर कुणी हातच लावायचा नाही. जाळ्यात आलीच तर सोडून द्यायची. ही थोरली मुशी वर्षा-दोन वर्षांनी कुणाच्या तरी नजरेस पडे. ती माणसाला काही करत नाही. पण तिचे पर एवढे मोठे, की व्यापारी ते दुकानाच्या दारावर मिरवायला टांगत.

"तांडेल," राणी म्हणाली, "धक्क्यावर माझे शिपाई उभे राहतील. भर दर्यात मात्र माझं कुणी नाही."

"तिथं आम्ही आहोत, राणीसाहेब," हासू म्हणाला.

बोलायला ते सोपं होतं. व्यापाऱ्यानं आपलं गलबत फक्त थोडं पलीकडे नेलं आणि राणीच्या हद्दीबाहेर एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. बंदरातून ते दिसत नसे. पण दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला ते कुठं उभं आहे आणि तिथं परांना अजून तोच भाव मिळतो, हे ठाऊक होतं.

हासूची बायको हिरू हिनं त्या पावसाळ्यात नवं जाळं विणलं. जुनं पार कुजलं होतं. पाऊस लागला तेव्हा तिनं सुई हातात घेतली, आणि नारळी पुनवेला जाळं पुरं झालं तेव्हा तिच्या बोटांना घट्टे पडले होते. त्या जाळ्यावर घर चालायचं होतं, आणि होडीवरच्या खलाशांची घरंही.

फाल्गुनातल्या एका सकाळी हासूची होडी बेटाच्या बाजूला गेली होती. होडीवर त्याचा मेहुणा जोमा होता, हिरूचा धाकटा भाऊ, आणि तीन खलाशी. पाणी आरशासारखं निवांत होतं. जाळं ओढायला घेतलं आणि ते हलेना. खडकाला अडकलं असावं, असं वाटून सगळ्यांनी जोर लावला. तेव्हा होडीच आपोआप पुढं सरकू लागली. वारा नव्हता, वल्ही आत होती, आणि होडी चालली होती.

मग तिच्या अंगाखालचं पाणी काळं झालं. त्या काळ्यावर पांढरे ठिपके उमटले, एक, दोन, मग मोजता येणार नाहीत इतके, जणू आभाळ रात्रीसकट पाण्याखालून वर येत होतं. थोरली मुशी होती. तिचं डोकं होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला होतं आणि शेपूट मागं कुठं संपतं ते दिसत नव्हतं.

एका खलाशानं नकळत डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

जाळ्याचा गुंता तिच्या छातीच्या परांना आणि पाठीवरच्या परालाही बसला होता. जोमा पहिल्यांदा भानावर आला. त्यानं बेटाकडे पाहिलं. व्यापाऱ्याच्या गलबताची डोलकाठी तिथून दिसत होती.

"भावोजी," तो हळूच म्हणाला, "पर कापले की जाळं आपोआप मोकळं होतंय. तिला तशीच सोडायची तर जाळं कापायला लागेल. सगळं."

"दिसतंय मला."

"माझ्या बहिणीनं अख्खा पावसाळा घातलाय त्यात. आणि इथं बघतंय कोण?"

हासूनं खलाशांकडे पाहिलं. ते त्याच्याकडेच बघत होते. तिघांच्या हातात सुऱ्या होत्या. तो म्हणेल ते ती माणसं करणार होती, आणि तो आज करेल तेच पुढं प्रत्येक होडीवर होणार होतं. राणीकडे कायदा मागायला तोच गेला होता. त्या वेळी हे जाळं त्याच्या मनात नव्हतं.

हासूनं सुरी दातात धरली आणि तो पाण्यात उतरला.

हासूनं उभ्या जन्मात मुशीचे पर हजारदा पाहिले होते. मिठागराकाठी उन्हात वाळत घातलेले, ताठ, राखाडी, लाकडाच्या ढलप्यांसारखे. पर म्हणजे तो इतकंच समजत आला होता. आता त्यानं गुंता सोडवायला तिच्या छातीच्या परावर हात ठेवला, आणि तो पर त्याच्या हाताखाली हलला. फार हळू, जेमतेम वीतभर. पण त्या एवढ्याशा हालचालीनं तो एवढा देह पाण्यात वर उचलला गेला, आणि हासूही त्याच्यासोबत एखाद्या पोरासारखा वर आला. एवढा मोठा जीव दर्यात तरंगतो तो या परांच्या बळावर, हे त्याला अंगानं कळलं.

ती धडपडली नाही. शेपटाचा एक फटका मारला असता तरी होडीच्या फळ्या सुट्या झाल्या असत्या. ती नुसती थांबून राहिली. दोन लहान मासे तिच्या तोंडापुढं आपले निश्चिंत पोहत होते. हासू एकेक फास कापत तिच्या डोक्याच्या बाजूला आला तेव्हा त्याला तिचा डोळा दिसला. एवढ्या मोठ्या अंगाला इतका लहान डोळा. तो वळला आणि हासूवर थांबला. हासूला वाटलं, आपण कुणाच्या तरी देवघरात न विचारता शिरलोय.

त्यानं उरलेलं जाळं उभं चिरलं. ती मोकळी झाली. पण लगेच गेली नाही. होडीखालून एकदा सावकाश फिरली. होडीच्या या बाजूला डोकं बाहेर पडलं तेव्हा शेपूट अजून त्या बाजूला होतं. मग ठिपके निळ्या पाण्यात विझत विझत गेले.

परतीच्या वाटेवर खलाशी वल्ही मारत होते. जोमा पाठ फिरवून बसला होता.

दारात हिरू उभी होती. "जाळं कुठाय?" तिनं विचारलं.

हासूनं झालं ते सांगितलं. ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. तिला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही. पान वाढल्यावर मात्र तिनं विचारलं, "केवढी होती?"

हासूनं सांगायला हात पसरले, आणि तसेच खाली घेतले. "सांगता यायचं नाही गं," तो म्हणाला. "मला धड पाहताही आली नाही सगळी."

ते दिवस वाईट गेले. हासू गळ टाकून मिळेल ती मासळी आणत होता. बाजारात काहीजण हसले. जोमा दुसऱ्या होडीवर तांडेल म्हणून निघून गेला आणि बहिणीच्या घरी यायचा बंद झाला. राणीच्या कानावर यातलं काही गेलं नाही. बक्षीस नाही, शाबासकी नाही. हिरूनं पुन्हा सुई घेतली.

पुढल्या फाल्गुनात एके दिवशी जोमा अंगणात आला. खांद्यावर फाटक्या जाळ्याचा भारा होता. भारा खाली टाकून तो ओसरीच्या कडेला टेकला.

"भावोजी, थोरली माझ्या जाळ्यात आली होती."

हासूनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"खलाशी सुऱ्या काढून बसले होते. गलबतही तिथंच उभं. मी म्हटलं, जाळं कापा. ते ऐकेनात, म्हणून मीच पाण्यात उतरलो." जोमानं भाऱ्यातलं एक तुटकं सूत बोटाला गुंडाळलं. "मागल्या वर्षी तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत, म्हणून मी रागावलो होतो. पण तुम्ही काय सांगणार होता? तिचा पर हाताखाली हलला आणि मला रडू आलं."

"डोळा पाहिलास?"

"पाहिला."

हिरू आतून तीन सुया आणि सुताची गुंडी घेऊन आली. एक तिनं भावाच्या हातात दिली. फाटकं जाळं तिघांमध्ये पसरलं गेलं आणि तिघं ते दुरुस्त करायला बसले. त्या वर्षी आणखी दोन होड्यांनी थोरलीसाठी आपली जाळी कापली. पर येईनासे झाले, तेव्हा पाऊस यायच्या आधी व्यापाऱ्यानं नांगर उचलला, आणि बेटाआडची ती जागा रिकामी झाली.

तात्पर्य: कायदा राजदरबारी होतो, पण जिथं कुणी पाहत नाही तिथं जो स्वतःचं नुकसान सोसून तो पाळतो, त्याच्यामुळेच तो कायदा खरा होतो.