खिंडीतल्या लढाईचा आवाज

“पण वस्ताद, तुम्ही मध्येच उठून का गेलात?”

सयाजी पाटणकरने हे तिसऱ्यांदा विचारले. तातोबा वस्ताद तालमीच्या ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होते. त्यांनी उजवा पाय संपवला आणि डावा घेतला.

सयाजीने ‘वज्रखिंड’ नावाचा सिनेमा केला होता. तब्बल सात वर्षे केला. घोडे, किल्ले, तोफा, दोन हजार माणसांची फौज आणि शेवटी खिंडीतली चौदा मिनिटांची लढाई. शुक्रवारी तो एकदाचा लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. थिएटरबाहेर ढोलताशे वाजले, नायकाच्या फलकाला दुधाने आंघोळ घातली गेली. चार दिवसांत इतक्या जणांनी सयाजीला मिठ्या मारल्या, की त्याचे खांदे दुखायला लागले. आनंद व्हायला हवा होता. त्याला नुसती झोप येत होती, आणि तीही धड लागत नव्हती.

कारण शुक्रवारीच दुपारी, कोल्हापूरच्या थिएटरात, खिंडीतली लढाई संपता संपता वस्ताद उठले होते. सुनेने त्यांचा हात धरला आणि दोघे बाहेर पडले. याच माणसाने सयाजीच्या नवव्या वर्षी त्याच्या हातात दांडपट्टा दिला होता. याच्याच तालमीतली साठ माणसे सिनेमात लढली होती. थिएटर शिट्ट्यांनी दणाणत होते आणि मागच्या रांगेत बसलेला सयाजी त्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला होता.

“लोक काय म्हंत्यात?” वस्तादांनी विचारले.

“लोक वेडे झालेत.”

“मग झालं की. माज्यासारक्या आंधळ्याचं काय घिऊन बसलाईस?”

गेली सहा वर्षे वस्तादांच्या डोळ्यांना उजेड आणि सावली एवढेच कळत होते. त्याने शिकवण्यात काडीचा फरक पडला नव्हता. डोळे धड होते तेव्हाही ते चेल्यांची परीक्षा डोळे मिटूनच घेत. पट्टा कसा फिरतो ते बघत बसू नये, माणूस श्वास कुठे घेतो आणि कुठे सोडतो ते ऐकावे, असे त्यांचे म्हणणे. साठ जण एकदम खेळत असले तरी कोण थकला आहे आणि कोण घाबरला आहे, ते बसल्या जागेवरून नाव घेऊन सांगत.

सयाजीला हे सगळे ठाऊक होते. पण सात वर्षे सिनेमावाल्यांत काढलेल्या माणसाला रुसण्याचे एकच कारण सुचते.

“तुमचं नाव मी वेगळं टाकलंय, वस्ताद. एकट्याचं. मोठ्या अक्षरांत.”

“सांगितलं सुनंनं.”

“मग?”

“पट्टा घे,” वस्ताद म्हणाले.

“आता? या कपड्यांत?”

वस्ताद पुन्हा तेल चोळू लागले.

सयाजीने भिंतीवरचा पट्टा उतरवला आणि त्याच्या लोखंडी मुठीत कोपरापर्यंत हात घातला. तीस वर्षांनी. पहिले चार हात बरे पडले. सहाव्याला खांद्यातून कळ आली. दहाव्याला पात्याचे टोक मातीत घासले.

“फिरव.”

त्याने फिरवला.

“अजून.”

सयाजी पन्नाशीला आला होता. त्याच्या छातीचा पार भाता झाला. पण ज्याच्या सिनेमाला गावोगावी हाउसफुल्लची पाटी लागली आहे, त्याने म्हाताऱ्यापुढे धापा कशा टाकायच्या? त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि नाकावाटे हळूहळू श्वास सोडू लागला. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी तोंड उघडले नाही.

“त्वांड का मिटलंस?”

सयाजी थांबला.

“उघड. घे दम. हितं कोन बघत न्हाई.”

मग मात्र तो फतकल मारून मातीतच बसला आणि तोंड उघडून धापा टाकू लागला. कितीतरी वेळ. वस्ताद मान कलती करून ऐकत होते.

“तुज्या शिनेमात कोन दमतच न्हाई,” ते म्हणाले.

“वस्ताद... ते वीर आहेत. धापा टाकणारा वीर कुणाला आवडेल?” अजून त्याला सलग बोलता येत नव्हते. “पडद्यावर ते फार वाईट ऐकू येतं. कुत्रं ल्हाल्हा करतंय असं वाटतं. नऊ महिने आम्ही नुसते त्या आवाजावर बसलो होतो. तांदळातले खडे काढावेत तशी एकेक धाप वेचून काढली.”

“समदी?”

“एकही ठेवली नाही.”

हे त्याने छाती पुढे काढून सांगितले. सांगून झाल्यावर त्याला कसेसेच वाटले, पण का ते कळेना.

वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

“खिंडीत नारबा हुता,” ते म्हणाले.

सयाजीने मुठीतून हात बाहेर काढला.

नारबा हा वस्तादांचा एकुलता एक मुलगा. नायकाला पट्टा नीट धरताही येईना, म्हणून ती चौदा मिनिटे नायकाचा अंगरखा घालून नारबाच लढला होता. तोही कॅमेऱ्याकडे पाठ करून, कारण तोंड नायकाचे दाखवायचे होते. ऐन वैशाखात, सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत, तीच लढाई बावीस वेळा. त्यानंतर दोन वर्षांनी तो काविळीने गेला. सयाजी तेव्हा हैदराबादला बसून संगणकावर तोफांचा धूर करून घेत होता. त्याने फोन केला होता. येणे काही जमले नव्हते.

“सुनंला त्येची पाठ दिसली,” वस्ताद म्हणाले. “माजा हात दाबून म्हनाली, मामा, ह्येच हैत. पाठीवनं वळाकलं तिनं. रडली... म्या कान लावला.”

...

“ढोल हुतं. घोडं हुतं. लोकंडाव लोकंड वाजत हुतं. समदं हुतं बग.”

...

“त्यो न्हवता.”

सयाजीला ती काचेची थंडगार खोली आठवली. पडद्यावर आवाजाच्या वेड्यावाकड्या रेघा पसरलेल्या. एक जाड, तुटक रेघ बघून यंत्रावर बसलेल्या माणसाने विचारले होते, हा कोण? आणि तो नारबा आहे हे ठाऊक असूनही सयाजीने म्हटले होते, कुणी नाही, काढा. त्याला आपली लाज वाटली. सात वर्षांचा सगळा शीण एकदम अंगावर आला आणि उठून उभे राहावेसेही वाटेना.

“सिनेमा आता माझ्या हातातून गेला, वस्ताद. सगळीकडे लागलाय. त्यात आता काही बदलता येणार नाही.”

“म्या कुटं म्हनलो बदल म्हनून?”

बाहेर वस्तादांची सून अंगण झाडत होती. खराट्याचा आवाज दारापर्यंत आला आणि पुन्हा लांब गेला.

“पण मूळचा आवाज असणार,” सयाजी अचानक म्हणाला. “त्या दिवशीचा. शूटिंगचं काही टाकून देत नाहीत, कुठेतरी ठेवलेलं असतं. मी आत्ताच निघतो. नारबाचा आवाज तेवढा शोधून आणतो. तुम्हाला इथं बसून ऐकवतो.”

वस्तादांनी मान त्याच्याकडे वळवली.

“फक्त तो साफ नसेल,” सयाजी म्हणाला. जिवंत माणसापेक्षा त्याच्या आवाजाची काळजी करायची त्याला सवयच लागली होती. “वारा असेल, घोडे फुरफुरत असतील. आणि नारबाचा दम संपत आला, की दर वेळी मध्येच मी भोंग्यातून ओरडलोय... ‘अजून एकदा, नारबा! अजून एकदा!’ ते तेवढं मी पुसून घेतो.”

वस्तादांनी तेलकट हात पुढे करून चाचपडत त्याची पाठ शोधली. ती अजून खालीवर होत होती. त्यांनी हात तिथेच ठेवला.

“ते ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “कुनासाठी दमला, ते बी ऐकू दे मला.”